पोट उघडून की दुर्बिणीतून?

धाकट्या भावाचा चिपळूणहून फोन आला, तेव्हा मी जुहूच्या किनाऱ्यावरून फिरून नुकताच घरी आलो होतो. पायाची वाळूही झटकली नव्हती. ‘‘दादा, कोलोनोस्कोपी केली. आत गाठ आहे म्हणतात,’’ एवढे बोलून तो थांबला. मागून भावजयीचा आवाज आला, ‘‘तुकडा तपासायला पाठवलाय म्हणून सांगा भाऊजींना.’’ तुकड्याचा रिपोर्ट काय येणार हे त्याला कळले होते आणि मलाही. पण तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. आपल्याकडे तो उच्चारत नाहीत. ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की पुरते.

त्याआधी आठ महिने त्याला शौचावाटे रक्त पडत होते. मूळव्याध असणार, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले. गावातल्या दोघांतिघांनी त्याला दुजोरा दिला आणि एकाने पुड्याही दिल्या. लोकलच्या डब्यांत ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. त्यांच्यावर हसत हसतच आपला त्यांच्यावर विश्वास बसतो. या आठ महिन्यांत बोट घालून तपासणी करावी असे कोणालाही वाटले नाही. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा भाग. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातली गाठ पुष्कळदा डॉक्टरच्या बोटाला लागते. एका मिनिटाचे काम आहे. पण रुग्ण लाजतो आणि डॉक्टर घाईत असतो. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे हे खरे. पण आपल्याकडे पन्नाशीच्या आतले रुग्ण मोठ्या संख्येने सापडतात, आणि पुष्कळांचे सुरुवातीचे महिने याच मूळव्याधीच्या समजुतीत जातात. भाऊ तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता.

तो आणि भावजय आमच्याकडे राहायला आले. तुकड्याच्या स्लाईड पुन्हा तपासून घ्याव्यात म्हणून मी त्या परळला टाटा रुग्णालयात घेऊन गेलो. पार्ल्याला लोकल पकडून प्रभादेवीला उतरलो (आमच्या पिढीच्या तोंडी अजून एल्फिन्स्टनच येते) आणि पुलावरून पलीकडे गेलो. रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर अख्खा हिंदुस्थान बसलेला होता. फायली पोटाशी धरून बसलेली माणसे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का याची चौकशी करणारी माणसे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून ही वास्तू उभी राहिली. त्याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन आमच्या जुहूच्या विमानतळावर उतरले होते. त्या विमानतळाच्या भिंतीवरून मी रोज जातो. या दोन गोष्टी एकाच घराण्याच्या आणि जवळजवळ एकाच काळातल्या आहेत, हे मात्र परळच्या त्या रांगेत उभे असताना प्रथम डोक्यात आले.

निदान पक्के झाले. उपचार आमच्या उपनगरातल्याच एका रुग्णालयात घ्यायचे ठरले. एमआरआयमध्ये गाठ भिंतीच्या बाहेर पोचलेली दिसत होती, म्हणून आधी पाच आठवडे ‘लाईट’ आणि सोबत केमोच्या गोळ्या. मग गाठ आकसावी यासाठी काही आठवडे थांबायचे आणि नंतर शस्त्रक्रिया. इथपर्यंत सगळ्या डॉक्टरांचे एकमत होते. पुढे मात्र फाटा फुटला.

पहिले सर्जन माझ्या वयाचे होते. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, ‘‘गाठ खाली आहे, पुरुषाचं कटीर अरुंद असतं, त्यात लाईट दिलेले. मी पोट उघडून करीन. हात आत गेला की मला निवांत वाटतं.’’ दुसरे सर्जन चाळिशीतले. तीच फिल्म त्यांनी कॉम्प्युटरवर मोठी करून पाहिली. ‘‘दुर्बिणीतून करू. खालचं जेवढं मला कॅमेऱ्यात दिसतं, तेवढं पोट उघडूनही दिसत नाही.’’ दोघेही सज्जन होते आणि मला दोघांचेही पटले. रात्री भावजय म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्ही बँकेत एवढे कर्जांचे निर्णय घेतलेत, हाही घ्या की.’’ भाऊ नुसता पंख्याकडे बघत पडला होता. त्याला दुर्बिणीची हवी होती. चार छोटी छिद्रे, आठवड्यात घरी. गावात त्याने तसे सांगूनही टाकले होते.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कागद वाचायची मला सवय आहे. कादंबरी लिहितानाही तीच सवय उपयोगी पडते. मुलाने अमेरिकेहून काही शोधनिबंध पाठवले, ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी ते समजावून दिले, आणि पंधरा दिवस मी दुसरे काही वाचले नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास निदान मुंबईकराला परका नाही. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून दुर्बीण पोटात घालून निदान करत होते, आणि १९९० साली त्यांनी तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. २०२३ साली ते गेले. पित्ताशयाच्या बाबतीत वाद फार काळ टिकला नाही. आज पित्ताशयासाठी कोणी पोट उघडतो म्हटले तर आपणच कारण विचारतो. मग गुदाशयाच्या कर्करोगातच एवढी खळखळ का?

याचे कारण शरीररचनेत आहे. पित्ताशय यकृताखाली मोकळे लोंबते. गुदाशय हाडांच्या वाटीत तळाशी रुतलेला असतो. पुढे मूत्राशय आणि पुरुषात प्रोस्टेट, मागे माकडहाड, बाजूंना लघवी आणि कामजीवन सांभाळणाऱ्या बारीक नसा. आणि कर्करोगात नुसती गाठ काढून भागत नाही. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. नुसते खालून कापून काढलेल्या त्यांच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत रोग परतला, म्हणून १९०८ साली त्यांनी पोटातून आणि खालून अशी दुहेरी मोठी शस्त्रक्रिया मांडली. गुदद्वारासकट सगळे काढायचे आणि पोटावर कायमची पिशवी. कित्येक दशके हाच मार्ग होता.

पुढचे मोठे पाऊल इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या लहानशा गावातून पडले. तिथल्या बिल हील्ड या सर्जनने १९८२ साली दाखवून दिले की गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते. लसिकाग्रंथी त्यात असतात आणि रोग आधी त्यातच पसरतो. जुने सर्जन हात घालून हा भाग मोकळा करून ओढून काढीत, तेव्हा ते वेष्टन फाटे आणि रोगाचे कण मागे राहत. हील्ड यांनी वेष्टनाच्या बाहेरचा पातळ पापुद्र्यासारखा थर डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने सोडवत न्यायचा परिपाठ घातला. वेष्टन अखंड बाहेर आले पाहिजे, गाठोड्याची गाठ न सोडता गाठोडे उचलावे तसे. शस्त्रक्रियेच्या जागीच रोग उलटण्याचे प्रमाण अनेक ठिकाणी चारांत एकाच्या आसपास होते. त्यांच्या हातून ते शंभरात पाचांच्याही खाली आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त कुठून कापायचे ते नीट कळले. या सगळ्या वाचनात मला सर्वांत थक्क केले ते या माणसाने.

म्हणजे दुर्बीण की उघडे पोट, या वादात खरा प्रश्न इतकाच उरतो की ते वेष्टन अखंड बाहेर येते का.

याची मोजदाद झाली आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २००५ साली आला. त्यात मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे मिळून ७९४ रुग्ण होते. गुदाशयाच्या ज्या रुग्णांत दुर्बिणीने सुरुवात केली, त्यांपैकी ३४ टक्के रुग्णांत मध्येच पोट उघडावे लागले. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोग पोचलेला आढळला तो गुदद्वार राखून केलेल्या शस्त्रक्रियांत दुर्बिणीच्या गटात १२ टक्के आणि उघड्या गटात ६ टक्के. रुग्णसंख्या थोडी असल्याने हा फरक पक्का म्हणता येत नव्हता, पण पाहून पोटात गोळा येईल असा होता. मग सर्जनांचा हात बसला. आठ देशांतल्या ३० रुग्णालयांत १,०४४ रुग्णांवर झालेल्या ‘कलर-टू’ अभ्यासाचा निकाल २०१५ साली आला. तीन वर्षांत त्याच जागी रोग उलटला तो दोन्ही गटांत बरोबर ५ टक्के. दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव निम्मा, रुग्णालयातला मुक्काम साधारण एक दिवसाने कमी, शस्त्रक्रियेचा वेळ मात्र पाऊण-एक तासाने जास्त. वाचून मला हायसे वाटले. दुर्बिणीचा निकाल लागला असेच मी धरून चाललो.

आणि त्याच २०१५ साली दोन अभ्यास नेमके उलटे बोलले. एक अमेरिकेचा, एक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. वेष्टन अखंड, कडा स्वच्छ, अशी ‘यशस्वी’ शस्त्रक्रिया अमेरिकेत दुर्बिणीने ८१.७ टक्के, उघडून ८६.९ टक्के, ऑस्ट्रेलियात ८२ आणि ८९. निष्कर्ष असा की दुर्बीण ‘कमी नाही’ हे सिद्ध झाले नाही.

हे वाक्य मी चारदा वाचले. मग बँकेतला एक प्रसंग आठवला आणि ते उमगले. खातेदार येतो आणि म्हणतो, साहेब, गहाण ठेवलेली जमीन सोडा, त्याऐवजी हा फ्लॅट घ्या. तेव्हा फ्लॅट जमिनीपेक्षा सरस आहे का, असे आपण विचारत नाही. तो फार कमी किमतीचा नाही ना, एवढेच पाहतो, कारण बदलाने खातेदाराची सोय होते. मूल्यांकनाचे कागद पुरेसे निघाले नाहीत तर अर्ज परत जातो. याचा अर्थ फ्लॅट कमी किमतीचा ठरला असा होत नाही. तो कमी नाही हे दाखवता आले नाही, एवढाच होतो. या अभ्यासांचे तसेच होते. पुढे २०१९ साली दोन्ही अभ्यासांचे दोन वर्षांचे निकाल आले. रोग न उलटता राहिलेले रुग्ण अमेरिकेत दुर्बिणीने ७९.५ आणि उघडून ८३.२ टक्के, ऑस्ट्रेलियात ८० आणि ८२. उघड्या शस्त्रक्रियेकडे किंचित झुकते माप, पण योगायोगाने पडू शकेल एवढाच फरक.

आता तिसरा भिडू आला आहे, रोबो. यंत्रमानव स्वतः शस्त्रक्रिया करतो असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. सर्जन बाजूला बसून हाताने त्या यंत्राच्या बाहूंना हलवत असतो. बाहू मनगटासारखे वळतात, म्हणून अरुंद जागेत सोपे जाते. २०१७ सालच्या ४७१ रुग्णांच्या अभ्यासात मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोने ८.१ आणि साध्या दुर्बिणीने १२.२ टक्के निघाले, म्हणजे ठाम फरक नाही. चीनमधल्या १,२४० रुग्णांच्या अभ्यासाचा २०२५ साली आलेला निकाल मात्र रोबोला अनुकूल आहे. तीन वर्षांत त्या जागी रोग उलटला तो १.६ टक्के विरुद्ध ४ टक्के. ते सर्जन त्या यंत्रावर चांगले मुरलेले होते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. आमच्या रुग्णालयात रोबोसाठी जादा पैसे सांगितले गेले, ते आमच्या आवाक्याबाहेर होते. त्यावर अधिक लिहीत नाही.

एवढे वाचून मी शहाणा झालो का? थोडासा. या सगळ्या अभ्यासांत सर्जन पारखून घेतलेले होते, हे माझ्या ध्यानात आले. सरासरी त्यांच्या हातांची आहे. माझ्या भावाच्या पोटात जाणारा हात कोणाचा, ते त्या कागदांत नव्हते. म्हणून मी पुन्हा दुसऱ्या सर्जनकडे गेलो आणि धीर करून विचारले, ‘‘डॉक्टर, लाईट दिलेल्या, इतक्या खालच्या गाठीच्या अशा शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? आणि कितींत मध्येच पोट उघडावं लागतं?’’

मला वाटले ते चिडतील. ते चिडले नाहीत. ‘‘वर्षाला साठ-सत्तर. दहांत एकाचं उघडावं लागतं. अशा पुरुष रुग्णांत जरा जास्त. आणि काका, एक आधीच सांगून ठेवतो. थर दिसेनासा झाला तर मी थांबून उघडीन. ते हरणं समजू नका. अडलेलं असताना दुर्बिणीतून रेटत राहणं, ते वाईट.’’ पहिल्या सर्जनना मी फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, ‘‘असं म्हणाला? मग त्याच्याकडेच करा.’’ माझ्या डोक्यावरचा अर्धा भार त्या फोनने उतरला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आठला त्याला आत नेले. त्याआधी नर्सबाईंनी त्याला उभे, बसते, वाकते करून पोटावर शाईने खूण केली होती. शिवलेले आतडे भरून येईपर्यंत शौच वळवण्यासाठी तात्पुरती पिशवी लागणार होती, ती बसताना घडीत येऊ नये म्हणून. साडेदहाला दार उघडले. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. ‘‘पुढच्या बाजूला, प्रोस्टेटजवळ, नीट दिसत नाहीये. सर उघडतायत. तुम्हाला कळवायला सांगितलं.’’ भावजयीने माझा हात धरला. ‘‘म्हणजे बिघडलं का हो?’’ मी म्हटले, ‘‘नाही.’’ पंधरा दिवस वाचलेल्या आकड्यांपैकी एकही त्या क्षणी आठवला नाही. आठवले ते फक्त ‘हरणं समजू नका’.

दुपारी दोनला संपले. भाऊ शुद्धीवर आल्यावर त्याने हात खाली नेऊन पट्टी चाचपली, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत, आणि तोंड फिरवले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बिलाचेही झाले तसेच. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात एकच रकाना होता, दुर्बिणीचा. विमा कंपनीने मंजुरीही त्याचीच दिलेली. दहांत एकाचे उघडावे लागते हे डॉक्टरला ठाऊक, पण हिशेबाच्या खिडकीला ठाऊक नाही! उघडलेल्या पोटाचा मुक्काम अकरा दिवसांचा झाला, आणि डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होतो. चौतीस वर्षे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, त्याची सव्याज फेड झाली म्हणायची.

दहाव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला होता. वेष्टन अखंड. रोगापासून सर्वांत जवळची कड चार मिलिमीटर दूर. एक मिलिमीटरपेक्षा कमी असती तर काळजी होती. तेरा ग्रंथी तपासल्या, एकीत रोग. म्हणून पुढे काही महिने केमो. मी तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, ‘‘चार मिलिमीटर म्हणजे केवढं रे दादा?’’ मी त्याला पेन्सिलीचे टोक दाखवले.

छिद्रांतून झाले असते तर जखम लवकर भरली असती, जखमेत पू होण्याचा आणि पुढे हर्नियाचा धोका कमी राहिला असता. हे फायदे खरे आहेत. ते लहान मानू नयेत. पण त्यानंतरच्या वर्षात त्याला ज्या गोष्टीने रडवले, तिचा टाक्यांशी काही संबंध नव्हता. पिशवीची सवय भावजयीने त्याच्या आधी करून घेतली. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. पिशवी लावून वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणे झाल्यावर भाऊही सावरला. केमो संपल्यावर पिशवी बंद झाली, आम्ही पेढे वाटले, आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. गुदाशय ही साठवणीची जागा. तीच नाही म्हटल्यावर दिवसाला दहा-दहा वेळा, कधी आवरायला वेळही न देता. चिपळूण-दापोली एसटीत बसायची त्याला भीती वाटू लागली. लग्नकार्ये टळली. गाठ जितकी खाली आणि लाईट दिलेले असले तितका हा त्रास जास्त, मग शस्त्रक्रिया कोणत्याही वाटेने झालेली असो. लघवीच्या आणि पतिपत्नीच्या संबंधांच्या नसांचेही तेच. आमच्याशी कोणी हे आधी बोलले नाही, आणि मीही एवढ्या प्रश्नांत तो विचारला नाही. आम्ही टाके मोजत होतो.

हळूहळू उतार पडला. आहार, औषध, व्यायाम, आणि बाकीचे काळावर सोडलेले. दीड वर्षाने तो एसटीने एकटा मुंबईला आला.

गेल्या महिन्यात तीन वर्षांच्या तपासणीसाठी आला होता. रिपोर्ट स्वच्छ आहेत. सकाळी माझ्याबरोबर किनाऱ्यावर येतो. कोणते स्वच्छतागृह किती वाजता उघडते ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आमच्या फिरण्याच्या टोळीतले एक गुजराती शेठ त्या दिवशी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारत होते. त्यांच्या साडूला तेच निघाले आहे. ‘‘तुमचं कसं केलेलं? दुर्बिणीतून की पोट उघडून?’’

‘‘दोन्ही,’’ भाऊ म्हणाला आणि वाळूतच बसला. ‘‘बसा. गाठ किती सेंटिमीटरवर आहे, काही बोलले का? एमआरआय झालाय ना?’’

शेठजी बूट काढून त्याच्या शेजारी बसले. मी पुढे चालू लागलो.